जज्जसाहेबांना आणखी एक वर्ष

टॅमरॅक रिजच्या जंगलात सहा वर्षांत कुणाच्याही बाणाने एकही हरीण पडलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिथल्या धनुर्धारी संघाला भलताच अभिमान होता.

संघ चौदा जणांचा. चौदाही जण हाडाचे शिकारी. सप्टेंबर उजाडला की घरात कोण काय बोलतंय हे त्यांच्या कानात शिरत नसे. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन पेटीत बंद ठेवायचे, आदल्या दिवसापासून कांदा वर्ज्य करायचा, पहाटे उठून मचाणावर चढायचं आणि दुपारी थंडीने काकडून रिकाम्या हाताने घरी यायचं. हे सगळं ते दरवर्षी भक्तिभावाने करत. बाण तेवढा सोडत नसत.

त्याला कारण ते अ‍ॅप. केंट ब्रांडलने ते सहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०३१ साली आणलं. केंटने गाई विकल्या होत्या आणि रिकामा माणूस काहीतरी आणतोच. झाडाझाडाला कॅमेरे लागले. प्रत्येक नराला नाव मिळालं, नावाची फाइल झाली, आणि फाइलमध्ये त्याच्या शिंगांचं भविष्य. या भागात नराची किंमत शिंगांवर. सगळ्या फांद्या मोजायच्या, इंचांची बेरीज करायची आणि मरेपर्यंत तो आकडा लोकांना सांगत सुटायचं. अ‍ॅप सांगे, ‘आज १५० इंच. पुढच्या वर्षी १६१. थांबा.’ मग कोण कशाला मारतोय? शिकाऱ्याला हरीण मिळालं नाही तर तो सोसतो. पण आज आपण मारलेलं हरीण शेजाऱ्याच्या हाती पुढच्या वर्षी अकरा इंच जास्त शिंगांनिशी लागलं असतं, हा विचार त्याच्याने सोसवत नाही.

तरीही कुणाचा हात शिवशिवलाच तर धनुष्यच आडवं येई. संघाची धनुष्यं अ‍ॅपला जोडलेली. समोरच्या जनावराची फाइल उघडून धनुष्य दिवा लावी. लाल दिवा लागला की कळ दाबली तरी दोरी सुटत नसे. हिरवा दिवा सहा वर्षांत कुणी पाहिला नव्हता. ऑर्विल टेशचं तर म्हणणं होतं की तो बसवलेलाच नाही. माद्यांना शिंगं नसतात, म्हणून माद्यांची फाइलच नव्हती, आणि फाइल नसलेल्या जनावराकडे धनुष्य ढुंकूनही पाहत नसे, दोरी सोडणं तर लांबच.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये संघाची हरणाच्या मांसाची मेजवानी असे. ती काही बंद पडली नाही. मांस न्यूझीलंडहून यायचं, पाळलेल्या हरणांचं, गोठवलेलं, खोक्यात. चौदा शिकारी ते चवीने खात आणि आपल्या जंगलात किती नर माजलेत याच्या गप्पा मारत.

या चौदांतला एक व्हर्लिन झास्ट्रो. पंचाहत्तरी गाठलेला, उंच, नाकावर माशी बसू न देणारा. त्याच्या बापाच्या चाळीस एकर जंगलातून ओढा वाहत होता आणि हरणं त्याच ओढ्यावर पाण्याला यायची. ते चाळीस एकर त्याने संघाच्या जंगलात घातले होते. शुक्रवारी संध्याकाळी गुत्त्यात तळलेली मासळी खाता खाता केंटने कागद पुढे केला आणि व्हर्लिनने तेलकट हाताने सही ठोकली. वाचलं नंतर. जमीन त्याचीच राहणार होती, पण सप्टेंबर ते जानेवारी तिच्यात फक्त सभासदांनी पाऊल ठेवायचं, असं त्यात लिहिलं होतं. आणि अ‍ॅपच्या परवानगीवाचून फाइलमधला नर मारला की सभासदत्व रद्द.

इतकी वर्षं व्हर्लिनने हेही चालवून घेतलं. यंदा गोष्ट वेगळी होती. त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. सोमवारी, नऊ नोव्हेंबरला, डॉक्टर तो काढून तिथे धातूचा बसवणार होते.

“मग धनुष्य कधी ओढू?” त्याने विचारलं होतं.

“या जन्मी नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चहाचा कप उचलाल. नातवंडं उचलाल, लहान असतील तर.”

“मोठी आहेत.”

“मग कप.”

तेव्हा सोमवारच्या आत एक हरीण. आयुष्यात पुन्हा त्याला बाण सोडता येणार नव्हता, आणि शेवटचा बाण सोडून सहा वर्षं झाली होती. ऑर्विलने त्याला घोडा दाबायचं आडवं धनुष्य घ्यायला सुचवलं. म्हाताऱ्यांना सरकार त्याची परवानगी देतं.

“ती बंदूक आहे,” व्हर्लिन म्हणाला. “लाजते म्हणून धनुष्याचा वेष घेतलाय.”

“मी वापरतो की.”

“तुला कधी लाज होती?”

ऑर्विल हसला. पन्नास वर्षांच्या दोस्तीत त्याने याहून वाईट ऐकलं होतं.

गुरुवारी सकाळी व्हर्लिन संघाचं धनुष्य घेऊन मचाणावर बसला होता. साडेआठच्या सुमाराला खाली पाचोळा वाजला आणि जज्ज आला.

जज्ज म्हणजे संघाचं दैवत. डावा कान तारेच्या कुंपणात फाटून दुभंगलेला, चालणं भारदस्त, म्हणून हे नाव. व्हर्लिन त्याला जज्जसाहेब म्हणे. सहा वर्षं चौदा जणांनी त्याला ‘आणखी एक वर्ष’ म्हणून सोडलं होतं. अ‍ॅपच्या हिशेबाने तो आता १८८ इंचांवर गेला होता. हॉलच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला होता आणि शेजारी एक खुंटी रिकामी ठेवली होती, त्याच्या डोक्यासाठी.

व्हर्लिनने त्याला सतरा पावलांवरून नीट पाहिलं. जज्जची पाठ खचली होती. कमरेची हाडं वर आली होती. पुढचा उजवा पाय तो जपून टाकत होता, व्हर्लिन खांदा जपतो तसा. आणि शिंगं! एक बाजू बारीक झालेली, दुसऱ्या बाजूच्या दोन फांद्या उगवल्याच नव्हत्या. म्हाताऱ्या नराची शिंगं दर वर्षी उतरत जातात, हे या भागात शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. शिंगं उतरतात असं दाखवणारा तक्ता मात्र अ‍ॅप विकणाऱ्या कंपनीकडे नव्हता. पुढच्या वर्षी कमी होईल असं सांगितलं तर पुढच्या वर्षीची वर्गणी कोण भरेल?

व्हर्लिनने दात आवळून धनुष्य ओढलं. लाल दिवा लागला. धनुष्य गोड आवाजात त्याच्या कानाशी म्हणालं, “जज्ज. पुढच्या वर्षी १९९ इंच. आपण थांबल्याबद्दल आभार. आपल्या हृदयाचे ठोके १२४ आहेत, दीर्घ श्वास घ्या.”

जज्जने आवाजाच्या दिशेने मान वर केली. वर पाहिलं. पळायची तसदीदेखील त्याने घेतली नाही. लंगडत ओढ्याकडे निघून गेला.

मचाणावरून उतरून व्हर्लिनने केंटला फोन लावला.

“केंट, जज्ज थकलाय. हा हिवाळा काढत नाही तो. कोल्हे जिवंतपणी फाडतील त्याला.”

“व्हर्लिन, कसं शक्य आहे? माझ्यासमोर फाइल उघडी आहे. ऐन भरात आहे तो.”

“माझ्यासमोर तो स्वतः होता!”

“तुम्ही किती अंतरावरून पाहिलंत?”

“सतरा पावलं.”

“चष्मा होता?”

हा केंट आठ वर्षांचा असताना व्हर्लिनच्या गवताच्या गाडीवरून पडला होता आणि व्हर्लिननेच त्याला उचलून घरी नेलं होतं. “चष्मा अ‍ॅपला लागलाय,” तो म्हणाला. “अरे, शिंगं उतरलीत त्याची. मला सोमवारच्या आत एक बाण सोडू दे. एकच. चौदा जणांची सही आणतो हवी तर.”

“आत्ता मारलं आणि उद्या अकरा इंच बुडाले तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? एक वर्ष थांबा, व्हर्लिन. तुम्हालाच पहिला मान देऊ.”

“पुढच्या वर्षी मी चहाचा कप उचलणार आहे,” व्हर्लिन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी दिवसभर तो घरात पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालत होता. त्याची बायको मार्लिस बटाटे सोलत होती. तिने तासभर त्याला येऊ-जाऊ दिलं, मग सुरी खाली ठेवली.

“बसतोस का आता? लाकडी जमीन झिजली.”

“मारलं तर चाळीस एकर जातात, मार्लिस. आता खांदा गेल्यावर मला उरलं काय? ओढ्याकाठच्या त्या ओकच्या झाडाखाली जाऊन बसणं. तेही बंद होईल.”

“आणि नाही मारलं तर?”

तो पुन्हा दाराकडे वळला.

“मी सांगते. नाही मारलंस तर पुढची दहा वर्षं तू त्या ओकखाली बसून तोंड पाडशील आणि घरी येऊन ते तोंड मला दाखवशील.” तिने बोटाने कोपऱ्यातलं खिमा करायचं यंत्र दाखवलं. त्याच्यावर टॉवेल वाळत होता. “सहा वर्षं त्याच्यात मांस पडलं नाही. माझ्या आईच्या हातचं सॉसेज मी विसरायला आले. त्या जंगलाने आपल्याला सहा वर्षांत काय दिलं रे? फोटो!”

ती उठली, गॅरेजमध्ये गेली, शिडीवर चढली. सत्तरीची बाई, पण शिडीला ती कधी घाबरली नव्हती. खाली आली ती त्याचं जुनं धनुष्य घेऊन. साधं लाकडी, दोन्ही टोकांना पुढे वळलेलं. लग्नाच्या आदल्या वर्षी दुधाच्या पहिल्या पैशातून घेतलेलं. ना दिवा, ना आवाज.

“दोरी नाही याला,” व्हर्लिन म्हणाला.

“दोरीने मी टोमॅटो बांधले,” मार्लिस म्हणाली. “पण कॉफीच्या डब्यात दुसरी आहे. मेण लावून ठेवलेली. मला काय माहीत नव्हतं, कधीतरी लागेल ते?”

त्याने दोरी चढवली. मार्लिसने एका टोकाला धरलं. मग एकदा, फक्त अंदाज घ्यायला, त्याने धनुष्य गालापर्यंत ओढलं. खांद्यात अशी काही कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो भिंतीला टेकला.

“किती वेळा जमेल?” मार्लिसने विचारलं.

“एकदा,” तो म्हणाला.

शनिवारी तो मचाणावर चढला नाही. चढण्यात खांदा वाया गेला असता. दुधाची जुनी बादली घेऊन तो ओढ्याकाठच्या ओकपाशी गेला, ती उपडी घालून बुंध्याला टेकून बसला. ओढ्याकडे उतरणारी ती सगळ्यात सोपी पायवाट, दुखऱ्या पायाचं जनावर तिथूनच येणार. तिथे कॅमेरा नव्हता, कारण केंटच्या मते मोठे नर तिथे येत नसत. व्हर्लिनने सकाळी बेकन आणि कांदा खाल्ला होता. कपड्यांना मार्लिसच्या साबणाचा लॅव्हेंडरचा वास येत होता. संघातल्या कुणी हुंगला असता तर त्याला फेफरं आलं असतं.

दोन तास काही घडलं नाही. टॅमरॅकच्या झाडांची सुईसारखी पिवळी पानं गळत होती. एक मादी आली, त्याच्याकडे पाहून नाक फेंदारून गेली. पाय गार पडले. व्हर्लिनला वाटलं, आपण इतकी वर्षं इथे येत होतो ते नक्की कशासाठी, हे आपण विसरूनच गेलो होतो. हे असं बसण्यासाठी येत होतो. फोन खिशात न थरथरता.

मग जज्ज आला.

चौदा पावलांवर तो थांबला, पाण्याला वाकण्यापूर्वी. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. व्हर्लिनचं हृदय छातीत आपटत होतं, आणि दीर्घ श्वास घ्या असं सांगायला कुणी नव्हतं. त्याने धनुष्य उचललं. खांद्यात कळ आली, पण दोरी गालाला लागली. तो मनात म्हणाला, जज्जसाहेब, माफ करा. तुम्हाला आम्ही फार ताटकळत ठेवलं.

आणि त्याने बोटं सोडली.

बाण खांद्यामागे बरोबर बसला. जज्ज उसळला, ओढा पार करून झाडीत घुसला, आणि थोड्या वेळाने काहीतरी जड कोसळल्याचा आवाज आला. मग शांत.

बाण लागल्यावर अर्धा तास हलायचं नाही, ही इथली रीत. जनावराला सुखाने मरू द्यायचं. व्हर्लिनने घड्याळ पाहिलं आणि बसला. उजवा हात मांडीवर लोंबत होता, त्यात जीवच नव्हता. त्याला रडू येत होतं आणि त्याने ते येऊ दिलं. कुणासाठी, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

अर्ध्या तासाने त्याने डाव्या हाताने ऑर्विलला फोन लावला. एका हाताने हरीण ओढणं शक्य नव्हतं. ऑर्विल बर्फावरची घसरगाडी घेऊन धापा टाकत आला. त्याच्या खिशात संडासच्या कागदाची गुंडाळी होती. रक्ताचा थेंब दिसला की जवळच्या काटकीला कागदाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे मागे वळून पाहिलं की जनावर कुठल्या दिशेला गेलं ते कळतं. पूर्वी एकाला हरीण लागलं की सगळे शेजारी असे माग काढायला यायचे, शिव्या देत, हसत. सहा वर्षं ऑर्विलच्या गाडीत पडून त्या गुंडाळीला उंदरांनी कुरतडलं होतं.

“तुला अजून जमतं?” व्हर्लिनने विचारलं.

“गप्प बस आणि थेंब बघ.”

सात तुकडे लागले. आठव्याची गरज पडली नाही. टॅमरॅकखाली जज्ज निजला होता. ऑर्विलने कान पाहिला आणि टोपी काढली.

“अरे देवा,” तो म्हणाला. “व्हर्लिन. हा तर जज्ज.”

“हो.”

ऑर्विलने गुडघ्यावर बसून जनावराचा जबडा उघडला. दात हिरड्यांपर्यंत झिजून सपाट झाले होते. “हा काही चावूच शकत नव्हता रे,” तो हळू आवाजात म्हणाला. “पोटात चारा गेला असता, तरी उपाशीच मेला असता.” मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. “हे बघ. मी काही पाहिलं नाही. तू डोकं पुरून टाक, मांस घेऊन जा. माझ्या तोंडून ब्र निघणार नाही.”

“नाही,” व्हर्लिन म्हणाला. “चोरून मारायला तो काही कोंबडी नव्हता. उद्या संघाची बैठक बोलावून सांगणार.”

“चाळीस एकर, व्हर्लिन!”

“माहीत आहे.”

रविवारी दुपारी हॉलमध्ये संघ जमला. व्हर्लिनने कपडे धुवायच्या टबात डोकं आणलं होतं, वर ताडपत्री. उजवा हात त्याने कोटाच्या बटणात अडकवला होता. केंटने विचारलं, “काय विषय?” व्हर्लिनने डाव्या हाताने ताडपत्री काढली.

“मी काल जज्जला मारलं. जुन्या धनुष्याने. परवानगी घेतली नाही. नियम मला माहीत आहे. काय करायचं ते करा.”

केंटचा चेहरा पांढरा पडला. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, आणि मग असा माणूस अशा वेळी ज्याचा आधार घेतो त्याच्याकडे वळला, म्हणजे त्याने फोन उघडला. बोट फिरवलं. आणि हळूहळू त्याच्या गालांवर रंग परत आला.

“व्हर्लिन,” तो मायेने म्हणाला, “जज्ज आज सकाळी सात चाळीसला उत्तरेच्या कॅमेऱ्यासमोर होता.”

“काय?”

“हा बघा.” त्याने फोन पुढे केला. फोटोत चार वर्षांचा एक तगडा नर उभा होता, तोंड कॅमेऱ्याकडे, दोन्ही कान धडधाकट. खाली लिहिलं होतं: ‘जज्ज. खात्री ९७ टक्के. प्रकृती उत्तम.’

“त्याचा कान बघ!” व्हर्लिन ओरडला. “कुठे फाटलाय? आणि हा बघ, हा कान!”

“कान कुणाचाही फाटतो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आणि बरा पण होत असेल,” दुसरा म्हणाला.

केंटने मोजपट्टी मागवली. तिघांनी मिळून टबातली शिंगं मोजली, प्रत्येक फांदी, दोनदा. बेरीज ११९ इंच आली. हॉलभर सुटकेचा निःश्वास पसरला. कुणीतरी हसलंदेखील.

“जज्ज १८८ आहे,” केंट म्हणाला. “हा कुणीतरी भलताच. म्हातारा. नाव नाही, फाइल नाही. आणि नियमात लिहिलंय, ‘फाइलमधला नर’. म्हणजे तुम्ही नियम मोडलाच नाही!” त्याने व्हर्लिनच्या चांगल्या खांद्यावर थाप मारली. “शेवटची शिकार, व्हर्लिन. अभिनंदन. एकशे एकोणीस इंच म्हणजे अगदीच काही वाईट नाही.”

“केंट, बारा वर्षं मी त्याला ओळखतो. पाडस होता तेव्हापासून. तो जज्ज आहे.”

“उद्या ऑपरेशन आहे,” केंट बाकीच्यांना समजावत म्हणाला. “टेन्शन असतं माणसाला.”

ऑर्विल उठू लागला, तोंड उघडलं. व्हर्लिनने त्याच्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. त्याला एकदम सगळं दिसलं होतं. त्याचं म्हणणं खरं ठरलं तर हे तेराजण सहा वर्षं मूर्खासारखे थंडीत कुडकुडले, आणि चौदावा तो स्वतः. असं कुणी कबूल करेल? हट्ट धरला असता तर रविवार वाया गेला असता आणि चाळीस एकरही. ऑर्विल बसला. व्हर्लिनने ताडपत्री जज्जच्या डोक्यावर नीट ओढली आणि टब उचलायला वाकला, पण त्याला एका हाताने तो उचलेना. केंटनेच तो गाडीपर्यंत नेऊन दिला. दैवताचं डोकं गाडीत ठेवून वर म्हणाला, “जड आहे हो बेटं!”

ऑपरेशन नीट झालं. मार्लिसने टॉवेल काढला, खिम्याचं यंत्र धुतलं आणि आईच्या पद्धतीने सॉसेज केलं. म्हातारं मांस, म्हणून डुकराची चरबी जास्त घातली. खांद्याचं मांस तिने कांदा आणि ब्रँडी घालून दिवसभर मंद आचेवर शिजवलं. घराला सहा वर्षांनी तो वास आला. व्हर्लिन गळ्यातल्या झोळीत हात अडकवून स्वयंपाकघरात नुसता बसून राहिला.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ते भांडं हॉलमधल्या टेबलावर न्यूझीलंडच्या ताटाशेजारी आलं. न्यूझीलंडचं मांस मऊ होतं, एकसारखं कापलेलं, आणि कुणी त्याला हात लावला नाही. माणसं मार्लिसच्या भांड्याभोवती रांगेत उभी राहिली. दोनदा, तीनदा आली. बोलणं कमी झालं. कुणीतरी म्हणालं, आमच्या आजीकडे असं असायचं. मोठी माणसं पावाने ताट पुसू लागली.

“जरा चिवट आहे,” केंट तोंडात घास असताना म्हणाला, “पण मार्लिस, काय चव आहे! कुठल्या हरणाचं म्हणालात?”

“ज्याचं नाव नाही त्याचं,” मार्लिस म्हणाली आणि तिने त्याला आणखी वाढलं.

जेवण झाल्यावर केंटने चमच्याने ग्लास वाजवला. अ‍ॅपचा नवा अंदाज आला होता. भिंतीवरच्या फोटोकडे हात करून त्याने वाचून दाखवलं: जज्ज, पुढच्या वर्षी १९९ इंच. टाळ्या पडल्या. त्याने ठराव मांडला, की जज्जला आणखी एक वर्ष द्यावं. तेरा हात वर गेले. ऑर्विलचा हात तसा अर्ध्यावरच होता. काट्याला सॉसेज टोचलेलं, आणि नजर व्हर्लिनवर.

व्हर्लिनने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला जज्ज ऐन जवानीतला होता, सहा वर्षांपूर्वीचा. तेव्हाच कुणी मारायला हवा होता, त्याला वाटलं, मी मारायला हवा होता. मग त्याला ओढ्याकाठचा ओक आठवला, आणि अजून उरलेल्या डिसेंबरच्या सकाळी.

उजवा हात झोळीत होता. त्याने डावा वर केला.

ठराव एकमताने मंजूर झाला. भांड्यात एक तुकडा उरला होता, तो मार्लिसने केंटच्या ताटात वाढला.